साहेबांचा चेहरा आणि किसनचा हात

आमच्या घरात तोंडाला लावायची एकच वस्तू होती, ती म्हणजे पाणी. वैशाखात तेही जपून.

आम्ही अमडापूरचे. जमीन नाही. बाप दुसऱ्याच्या बैलांमागे, माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला. शेतातली कामं संपली की दोघंही सडकेवर खडी फोडायला. उन्हानं मायच्या नाकाचा शेंडा आणि गाल भाजून निघायचे. संध्याकाळी ती चुलीपुढे बसून गालाची साल बोटांनी सोलायची आणि म्हणायची, "जुनं गेलं, नवं आलं." मला वाटायचं, बायांचं असंच असतं. हा एक त्रास आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर औषध करता येतं, हे मला नागपूरला कॉलेजात गेल्यावर कळलं.

होय, मी कॉलेजात गेलो. औषधनिर्माणाची पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे मी मोठेपणानंच सांगतोय. लाजून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. बुलढाण्यात बन्सीसेठच्या औषधाच्या दुकानात मला नोकरी लागली. कायद्यानं दुकानात शिकलेला फार्मासिस्ट लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगावं लागतं. सेठला खरं तर सर्टिफिकेटच पाहिजे होतं. सोबत माणूसही येतो, याला त्यांचा इलाज नव्हता.

दुकानामागे एक खोली होती. तिच्यात खल, काटा, काचेच्या बरण्या आणि मलम घोटायची जाड काचेची पाटी. तेव्हा बरीच औषधं दुकानातच बनायची. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत, आम्ही मोजून, कुटून, घोटून देत असू. याला कंपाउंडिंग म्हणतात. पण मुंबईहून तयार ट्यूबा आणि गोळ्या यायला लागल्या होत्या. सेठचा डोळा त्या खोलीवर होता.

"मधुकर, ये खोली फालतू अडकून पडली," ते म्हणायचे. "इथं साबणाच्या पेट्या मस्त मावतील."

"आणि मी काय करू, सेठजी?"

"तू साबण विक. ग्रॅज्युएट माणसानं विकला तं साबण जास्त पांढरा निघते काय, पाहू."

खोली गेली असती तर माझी पदवी भिंतीवर राहिली असती आणि मी साबणात. एवढंच माझं पणाला लागलं होतं. पण तेवढंच माझ्याजवळ होतं.

अशात एक दिवस दुकानात सबनीससाहेब आले. डिप्टी इंजिनिअर. पुण्याकडचे. देऊळघाटच्या बाजूला एका पाझर तलावाचं काम चालू होतं, ते त्यांच्याकडे होतं. मागून त्यांचा शिपाई किसन, हातात उघडी छत्री. छत्री साहेबांवर नव्हती. त्याच्याच काखेतल्या नकाशांच्या गुंडाळीवर होती. नकाशे सरकारी होते.

"इथे शिकलेलं कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

सेठनी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट केलं. मग आठवल्यासारखं करून माझ्याकडे केलं.

साहेबांचा चेहरा पाहून मी खुर्ची पुढे सरकवली. नाक बीटासारखं. गालांचे पोपडे सुटलेले, जुन्या भिंतीचा चुना सुटतो तसे. कपाळाचा हॅटखालचा पट्टा तेवढा गोरा.

"हॅट घालता ना साहेब?"

"घालतो हो. पण तुमच्याकडे ऊन वरून येतच नाही. खालून येतं!"

त्यात खोटं काही नव्हतं. तलावाच्या जागेवर पांढरा मुरूम पसरलेला. त्यावर पडलेलं ऊन उलटून तोंडावर येतं, तिथे हॅट काय करणार? शिवाय बुलढाणा उंचावर. वारा गार, त्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. रात्री आरशात कळतं.

"आतापर्यंत काय काय लावलं?"

साहेबांनी यादीच वाचली. बाजारातला वासाचा स्नो, म्हणजे तोंडाची क्रीम, लावला, तोंडाला आग लागली. घरमालकिणीनं खोबरेलात लिंबू पिळून दिलं, आग दुप्पट. मावसभावानं मुंबईहून खास उन्हासाठीची परदेशी बाटली पाठवली, ती उघडली तर नुसत्या स्पिरिटचा वास. "ती लावली तेव्हा तोंडावर कोणी काडी ओढल्यासारखं झालं. ऊन परवडलं, पण उपाय नको. हे थांबलं नाही तर मी सरळ बदली मागणार."

"म्हंजे तलाव अर्धाच?" किसन मागून म्हणाला. देऊळघाट त्याचं गाव.

"तू छत्री धर."

सेठचे कान टवकारले. दुकानात आलेला साहेब रिकाम्या हातानं जाणं हा त्यांना अपमान वाटायचा. साहेबांसमोरच त्यांनी मला सांगितलं, "मधुकर, साहबचं तोंड नीट करून दे. जमलं तं खोली तुही. नाई जमलं तं साबण."

"साबण नको," साहेब घाबरून म्हणाले. "साबणानंही आग होते."

आता थोडं समजावून सांगतो. आज ज्याला सनस्क्रीन म्हणतात, त्याचे ढोबळ दोन प्रकार. एकात अशी रसायनं असतात की ती ऊन स्वतः पिऊन टाकतात. मुंबईच्या बाटलीत तेच होतं, स्पिरिटात विरघळवलेलं. चांगल्या कातडीला चालतं, नाजूक कातडी बोंब मारते. दुसऱ्या प्रकारात बारीक पांढरी भुकटी असते. ती कातडीवर बसून ऊन अडवते, टिनाच्या छपराला चुना फासल्यावर घर कमी तापतं तसं. या भुकटीचं नाव झिंक ऑक्साइड; झिंक म्हणजे जस्त. ती गरीब स्वभावाची. कोणाशी भांडत नाही. लहान लेकरांच्या मांड्या लाल झाल्या तरी तीच लावतात.

नाजूक कातडीचं औषध ठरवताना काय घालायचं हे नंतर. काय घालायचं नाही, हे आधी. मी भिंतीवरच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहिलं: अत्तर नाही, स्पिरिट नाही, लिंबू नाही, रंग नाही.

"गुलाबाचं अत्तर थोडं तरी टाक," सेठ म्हणाले. "वास नसलेली दवा लोकांले दवाच नाई वाटत."

"अत्तर नाही, सेठजी."

"थेंबभर?"

"नाही."

"पदवीत कंजुषी शिकवते काय बे?"

झिंक घोटलं व्हॅसलीन आणि लॅनोलिनमध्ये. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. मलम तिनं छान चिकटून राहतं. पुस्तकात तसंच होतं. डबी भरली आणि साहेबांना सांगितलं, "हे लगेच तोंडाला लावायचं नाही. आधी ट्रायल. कोपराच्या आतल्या बाजूला बोराएवढं लावायचं. रोज त्याच जागी, दोन-तीन दिवस. खाजलं, लाल झालं तर थांबायचं आणि मला सांगायचं. काहीच झालं नाही तरच तोंडाला."

"उत्तम," साहेब म्हणाले. डबी त्यांनी किसनकडे दिली. मला वाटलं, धरायला दिली.

काही दिवसांनी किसन दुकानाच्या पायरीवर हजर.

"मधुकरभाऊ, ट्रायल पास! काईच झालं नाई. साहेबानं सांगतलं, उद्यापासून तोंडाले चालू."

मी सेठकडे पाहिलं. सेठनी साबणाच्या पेट्यांकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. मी निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारीच साहेब दुकानात शिरले. मी त्यांना ओळखलंच नाही. तोंडभर पांढराशुभ्र थर, कान तेवढे माणसासारखे, मिशा मध्येच कापसात अडकल्यासारख्या. हॅट त्यांनी उलटी हातात धरली होती, भिक्षेच्या पात्रासारखी.

"हे बघा!" हॅट त्यांनी काउंटरवर ठेवली. आत ज्वारी होती.

"ज्वारी?"

"मला मिळाली! दान!"

आमच्या भागात बहुरूपी फिरतात. कधी फौजदार होऊन येतील, कधी तहसीलदार. तोंडाला सफेदा, अंगात कोट. गावात शिरून लोकांवर खोटा रुबाब करतात, "तुमच्या म्हशीवर वॉरंट निघालं आहे" असलं काहीबाही बोलतात. लोक पोट धरून हसतात आणि पसाभर धान्य देतात. पोट भरायची जुनी रीत आहे ती. बाकीचं किसननं सांगितलं. त्याला हसू आवरत नव्हतं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून सांगत होता.

"साहेब जीपमधून उतरले अन् म्हनले, भराव सरळ काऊन नाई? तं बाया टोपले खाली टाकून हसाले लागल्या. मुकादम म्हने, 'पाय बे, इंजिनेराचं सोंग! आवाजबी हुबेहूब काढला!' साहेब म्हनले, मी सगळ्यांची गैरहजेरी लावीन. तं लोकं टाळ्या वाजवून राह्यले."

"आणि तू काय करत होतास?" मी विचारलं.

"मी सांगत होतो ना, का हे खरे साहेब हायेत. तं ते म्हनले, सोंगासोबत शिपाईबी आनला, बाकी मेहनत घेतली!"

"एक म्हातारी आली," साहेब दातओठ खात म्हणाले, "माझ्या हॅटमध्ये ओंजळभर ज्वारी टाकली आणि म्हणाली, 'लेकरा, उन्हात नको फिरू, तोंड उतरलं तुहं.'"

सेठ काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

मी कापसावर तेल घेऊन साहेबांचा चेहरा पुसायला लागलो. थर निघाला आणि माझं हसू गेलं. खाली पुरळ. गालभर बारीक लाल दाणे. हे उन्हाचं नव्हतं. हे माझ्या मलमाचं होतं. सेठ काउंटरखालून वर आले, त्यांनी पुरळ पाहिलं आणि नोकराला हाक मारून सांगितलं, "पेट्या मागच्या दाराजवळ आणून ठेव."

"असं होऊच शकत नाही," मी म्हणालो. "ट्रायलमध्ये काही झालं नव्हतं ना? साहेब, हात दाखवा."

साहेब मागे वळले. "किसन, हात दाखव."

किसननं शर्टाची बाही वर केली आणि काळा, तुळतुळीत, बिनतक्रार हात माझ्यासमोर धरला.

मी हाताकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. परत हाताकडे पाहिलं.

"ट्रायल याच्या हातावर घेतली?"

"मग कोणाच्या?" साहेबांना माझा प्रश्नच कळेना. "फील्डवरच्या सगळ्या चाचण्या तोच घेतो."

"मातीचा नमुना म्याच घेतो," किसन अभिमानानं म्हणाला. "मोजायची साखळी म्याच धरतो. नाव साहेबाचं लागते. हेबी तसंच केलं. इमानदारीनं केलं हो भाऊ, एक दिवस नाई चुकवला. हात असा मऊ झाला का बायको पुसते, कोन्या कचेरीत काम करता?"

सगळी ट्रायल वेळेवर झाली होती. नियमानं झाली होती. कातडी तेवढी चुकीची होती.

"साहेब," मी हात जोडले, "माती कोणीही आणली तरी तलावाचीच राहते. कातडीचं काम हाताखालच्या माणसाकडे देता येत नाही. तुमची ट्रायल तुम्हालाच द्यावी लागेल."

"मला? इथे? बाह्या वर करून?"

"बाह्या वर करून."

साहेबांनी सेठकडे पाहिलं. सेठनी कधी नव्हे ते माझी बाजू घेतली. "कर लो साहब. बदली झाली तं तिथंबी ऊनच राहीन."

मग आम्ही रीतसर काम केलं. पुरळ बसेपर्यंत तोंडाला काही नाही, नुसतं गार पाणी. आणि साइटवर जाताना छत्री साहेबांवर, नकाशे किसनच्या शर्टाआड. इकडे मी मलमातली प्रत्येक वस्तू सुटी केली. साहेबांच्या हातावर पेनानं गोल काढले. एका गोलात नुसतं व्हॅसलीन. एकात नुसतं झिंक, पाण्यात कालवलेलं. एकात लॅनोलिन. साहेब रोज ऑफिस सुटल्यावर यायचे, दार अर्धं लोटून घ्यायचे आणि बाही वर करायचे. बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं, साहेब देवीची लस टोचून घेतायत.

तिसऱ्या गोलानं चोर पकडून दिला. लॅनोलिनची जागा लालबुंद. बाकी दोन्ही स्वच्छ. काही माणसांना लोकरीची चरबी सोसत नाही. मन नाही म्हणत नाही, कातडी नाही म्हणते. साहेबांनाही आठवलं, "लहानपणी लोकरी मफलर बांधला की मी रडायचो. आई म्हणायची, नाटकं करतोय."

लॅनोलिन काढून टाकलं. आता राहिला पांढरा रंग. बहुरूपी होऊन तलाव बांधता येत नाही. रंग नाही असं काळ्या पाटीवर लिहिलं होतं, ते बाजारातल्या बनावट रंगांबद्दल. कॅलामाइन म्हणून एक औषधी भुकटी असते, तीही जस्ताचीच, लोखंडाच्या गंजाच्या अंशानं गुलाबी झालेली. ती थोडी मिसळली. तिचीही आधी साहेबांच्या हातावर ट्रायल घेतली, साहेबांच्याच. ती पास झाल्यावर काचेच्या पाटीवर घोटत बसलो. घोटणं महत्त्वाचं. भुकटी जितकी बारीक, तितका थर पातळ बसतो आणि तितकं पांढरं कमी दिसतं. मनगट भरून आलं तरी घोटलं. प्रत्येक घाण्याचा ठिपका साहेबांच्या गालावर लावायचा आणि कपाळाच्या हॅटखालच्या पट्ट्याशी रंग ताडून पाहायचा. परीक्षक किसन.

"हे कसं दिसतंय?"

"बाहुलीवानी."

पुन्हा घोटलं.

"आता?"

"ताप आल्यावानी."

"आता?"

"आता लाजल्यावानी. नवरदेव दिसून राह्यले."

"किसन, नीट सांग," साहेब ओरडले.

"हां, आता! आता साहेबावानी."

डबी भरली. कसं लावायचं तेही शिकवलं. निघायच्या आधी घरीच लावायचं, साइटवर पोचून नाही. चोळायचं नाही, बोटांनी टेकवत पसरायचं. जरा बसू द्यायचं. दुपारी घाम टिपून पुन्हा एकदा, कारण सकाळचं मलम दुपारी तोंडावर नसतं, रुमालात असतं. संध्याकाळी तेलाच्या बोळ्यानं काढायचं, मग साधं पाणी. आणि हे सगळं स्वतः.

"किसननं आरसा धरला तर चालेल?"

"आरसा चालेल."

साहेब लावू लागले. आग नाही, पुरळ नाही, कोणी हसत नाही. नाकावर नवी कातडी आली. गाल भरले. मी सेठला म्हणालो, "पेट्या हलवायच्या का?"

"थांब," सेठ म्हणाले. "साहबचे वरचे मोठे साहेब तलाव पाहाले येऊन राह्यले. दिवसभर उन्हात उभं राहावं लागते. त्या दिवशी तोंड टिकलं तं मानतो."

त्या दिवशी मी किसनसोबत साइटवर गेलो. सेठही आले. माझ्यासाठी नाही, साबणासाठी. मोठे साहेब जीपमधून उतरले. रापलेला, खरखरीत माणूस. भराव पाहिला, सांडवा पाहिला. ऊन असं की मुरमाकडे बघवत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे लाल. सबनीससाहेब मात्र नुकते अंघोळ करून आल्यासारखे.

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"सबनीस, तुम्ही साइटवर येता का हो?"

"रोज येतो सर."

"रोज? हा चेहरा रोज उन्हात असतो? माझी कातडी बघा, आणि तुमची बघा. तुम्ही ऑफिसात बसून काम चालवता. रिपोर्ट कसा लिहायचा ते मी बघतो."

मलम इतकं चांगलं झालं होतं की त्यापायी माणसाच्या नोकरीवर शेरा येत होता. सेठ माझ्या कानात पुटपुटले, "थोडं कमी घोटलं असतं तं?"

"मोठे साहेब," किसन पुढे झाला, "माफी करा, पन तोंडाकडं नका पाहू. मान पाहा."

"काय?"

"मान, मान. साहेब, कॉलर खाली करा."

सबनीससाहेबांनी वरचं बटण काढलं आणि हनुवटी वर केली.

जबड्याखाली सरळ रेघ होती. रेघेच्या वर गोरापान पुण्याचा माणूस. रेघेच्या खाली भाजलेली, काळपट, साल सुटलेली मान. कानांचीही तीच गत, वरच्या कडा करपलेल्या पापडासारख्या. एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडावर बसवल्यासारखे ते दिसत होते. एवढे दिवस त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, पण साइटवर मोकळी सोडलेली कॉलर ते दुकानात येताना बंद करत, आणि कानांकडे कोण बघतं; किसन सोडून आमच्यातल्या कोणाचंच लक्ष तिथे गेलं नव्हतं. मी 'तोंडाला लावा' म्हटलं होतं. त्यांनी तोंडालाच लावलं. सरकारी माणूस, दिलेल्या सूचनेच्या बाहेर बोटभर गेला नाही.

मोठे साहेब मान पाहत राहिले. चेहरा पाहिला. पुन्हा मान. मग मांडीवर थाप मारून असे हसले की टोपलेवाल्या बायाही थांबल्या.

"बरोबर आहे! वरचे सबनीस रजेवर आहेत, खालचे ड्यूटीवर!" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "काय लावता तोंडाला?"

सबनीससाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "यांनी बनवलंय. औषधनिर्माणाचे पदवीधर आहेत. बुलढाण्यातच, दुकानाच्या मागच्या खोलीत बनवतात."

"खोली आहे?" मोठ्या साहेबांनी सेठना विचारलं.

सेठनी माझ्याकडे पाहिलं. एकदा घसा साफ केला.

"है ना, साहब. खास खोली है. मधुकरचीच."

शेरा लिहिला गेला नाही. साबणाच्या पेट्या जिन्याखाली गेल्या. त्यानंतर मी डबीसोबत चिठ्ठी द्यायला लागलो. ज्यांना वाचता येत नसे त्यांना तोंडी सांगायचो, आजही सांगतो: ट्रायल स्वतःच्या कातडीवर घ्या, आणि तोंड म्हटलं की त्यात कान आणि मान धरा.

सबनीससाहेबांनी बदली मागितली नाही. तलाव पूर्ण झाला. मागच्या खोलीच्या दारावर सेठनी माझ्या नावाची पाटी लावली, नावापुढे पदवीसकट, आणि माझी पुढची सगळी नोकरी मी त्या खोलीत औषधं बनवून केली.